पंचावन्न जिंकले, साठ हरले

कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला सव्वाशे वर्षांहून अधिक काळात प्रमुख प्रशिक्षक झाले ते मोजून आठ. त्यांतल्या सात जणांचे विजय पराभवांपेक्षा जास्त आहेत. उरलेल्या एकाच्या खात्यावर ५५ विजय आणि ६० पराभव लागलेले आहेत. तोट्यात गेलेल्या या एकमेव मास्तरांचे नाव जेम्स नेस्मिथ. बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला तो यांनीच.

ज्याने खेळ जन्माला घातला तोच त्यात तोट्यात गेला, एवढ्यावर हा किस्सा हसून सोडून देता आला असता. पण त्या ५५ विजयांच्या पोटातून पुढे जे आकडे निघाले, ते पाहिले की हसू मावळते. आज अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक विजय कोणाचे, या शर्यतीत दोनच नावे अगदी पुढे आहेत : केंटकी आणि कॅन्सस. दोघांनीही २,४००चा टप्पा ओलांडलेला आहे आणि दोघांमधले अंतर एखाद्या हंगामात भरून निघावे इतकेच आहे. दर तीन वर्षांनी हंगामाच्या सुरुवातीला हे दोघे तटस्थ मैदानावर समोरासमोर येतात. २०११, २०१४, २०१७, २०२०, २०२३ असा क्रम आहे. तो तसाच चालू राहिला तर पुढची गाठ २०२६च्या नोव्हेंबरात. त्या सामन्याआधी हे आकडे एकदा नीट मांडून घेऊ.

सुरुवात सर्वांत लहान आकड्यापासून करू. तो आकडा आहे एक.

१८९१चा डिसेंबर. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएची प्रशिक्षण शाळा. बाहेर थंडी, मैदाने बंद, आणि वर्गात व्यायामाला कंटाळलेले १८ तरुण. वरिष्ठांनी नेस्मिथना फर्मावले : चौदा दिवसांत घरात खेळता येईल असा नवा खेळ शोधा. नेस्मिथनी शाळेच्या शिपायाकडे दीड फुटी दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच या फळाच्या दोन टोपल्या होत्या. व्यायामशाळेत वरच्या बाजूला धावण्यासाठी गॅलरी होती, तिच्या कठड्याला त्या टोपल्या ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपल्याही दहा फुटांवर. उंची किती असावी याचा अभ्यास नाही, प्रयोग नाही; कठडा जिथे होता तिथे टोपली लागली.

नऊ विरुद्ध नऊ असा खेळ झाला. नियमाप्रमाणे पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव. त्यात चेंडू टोपलीत पडला एकदा. निकाल १-०. टोपलीला बूड शाबूत होते, त्यामुळे चेंडू पडला की शिडीवर चढून तो काढायचा. एका सामन्यात एकच गुण पडणार असेल तर शिडीही परवडते.

आता त्याच्याशेजारी दुसरा एक निकाल ठेवा. ९ डिसेंबर १९८९, कॅन्ससचे मैदान, समोर केंटकी. कॅन्सस १५०, केंटकी ९५. चाळीस मिनिटांत दोघांचे मिळून २४५ गुण, म्हणजे सरासरी दर दहा सेकंदांना एक. कॅन्ससचे एकट्याचे पाहिले तरी दर सोळा सेकंदांना एक गुण. टोपलीला बूड असते तर शिडीवरच्या माणसाला खाली उतरायला वेळ मिळाला नसता.

नेस्मिथ १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात आले, ते प्रार्थनामंदिराची आणि शारीरिक शिक्षणाची जबाबदारी घेऊन. संघ उभा राहिला आणि ३ फेब्रुवारी १८९९ रोजी पहिला सामना झाला. समोर कॅन्सस सिटीच्या वायएमसीएचा संघ होता. खेळाचा जनक एका बाजूला बसलेला, आणि त्याचा संघ हरला १६-५. नेस्मिथना त्याचे फारसे वाटले नसावे. बास्केटबॉल हा खेळायचा खेळ आहे, त्याला शिकवणारा कोच कशाला, असे त्यांचे मत होते म्हणतात. १९०७पर्यंत त्यांनी ११५ सामन्यांत संघ उतरवला. आणि इथे एक गंमत आहे. कॅन्सस ज्या पहिल्या गटात, म्हणजे कॉन्फरन्समध्ये, सामील झाले तो स्थापन झाला १९०७ साली. म्हणून नेस्मिथांचे ११५च्या ११५ सामने आजच्या भाषेत नॉन-कॉन्फरन्सच म्हणायचे.

ही कॉन्फरन्सची भानगड समजून घ्यायला थोडे गणित लागते, पण ते शाळेतलेच आहे.

कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीत आज साडेतीनशेहून अधिक संघ आहेत. हिशेबाला ३६० धरू. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळायचे ठरवले तर ३६० गुणिले ३५९ भागिले २, म्हणजे ६४,६२० सामने होतात. एकेका संघाच्या वाट्याला ३५९. वर्षातले सहा दिवस सोडले तर रोज एक सामना, आणि खेळणारी मुले कागदोपत्री तरी शिकायला आलेली. प्रत्यक्षात एक संघ नियमित हंगामात तीसेक सामने खेळतो, म्हणजे सगळे मिळून ५,४००च्या आसपास. सगळ्या जोड्या वेगवेगळ्या असत्या तरी होऊ शकणाऱ्या बारा लढतींपैकी जेमतेम एक झाली असती. तशा त्या नसतातही, कारण बहुतेक सामने आपापल्या गटात होतात.

गट म्हणजे आपली पंचक्रोशी समजा. एकमेकांना ओळखणारे, दरवर्षी एकमेकांशी भिडणारे दहा-पंधरा संघ. कॅन्सस आज ज्या ‘बिग ट्वेल्व’ गटात आहे, त्यात नावाप्रमाणे बारा असायला हवेत, आहेत सोळा. आकड्यांच्या लेखात असल्या गोष्टी नजरेआड करता येत नाहीत, म्हणून नोंदवून ठेवतो.

आता पंचक्रोशीतल्या या सोळा संघांनी आपसात प्रत्येकी १८ सामने खेळले तर एकूण १४४ सामने झाले. म्हणजे १४४ विजय आणि १४४ पराभव. गट बलाढ्य असो की लेचापेचा, बेरीज हीच येणार. देशातले सर्वोत्तम सोळा संघ एकत्र खेळवा, नाहीतर गल्लीतले सोळा संघ खेळवा, १४४ विजय आणि १४४ पराभव यातून सुटका नाही. वेशीच्या आत कितीही कुस्त्या झाल्या तरी हे गाव त्या गावापेक्षा भारी आहे का, हे कळायला मार्ग नाही. ते कळते फक्त वेशीबाहेर गेल्यावर. नोव्हेंबर-डिसेंबरात जे दहा-बारा नॉन-कॉन्फरन्स सामने होतात, ते या तीसेक बेटांना जोडणारे तेवढेच पूल आहेत. त्या थोड्या सामन्यांवरून देशभरच्या साडेतीनशेवर संघांची क्रमवारी लावायची असते आणि मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेचे ६८ संघ निवडायचे असतात. डिसेंबरात बाहेरच्या गावी गमावलेला एक सामना मार्चमध्ये व्याजासकट वसूल होतो तो असा.

बरे, एवढे करून त्या ६८ संघांचा अंदाज तरी बांधता येतो का? सुरुवातीच्या चार चाळणी-सामन्यांनंतर उरतात ६४ संघ. विजेता ठरेपर्यंत ६३ सामने. प्रत्येकाचे निकाल दोनच. सगळे ६३ निकाल आधी लिहून ठेवायचे तर शक्यता किती? दोनचा त्रेसष्टावा घात : ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८. लाख, कोटी, अब्ज मागे पडले. या आकड्याला नाव शोधायला भास्कराचार्यांकडे जावे लागते. ‘लीलावती’त संख्यास्थानांची नावे एकं, दहं, शतंपासून चढत चढत परार्धावर येऊन थांबतात, परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. वरचा आकडा होतो ९२ परार्धांहून थोडा अधिक. बाराव्या शतकात ज्या नावापुढे जाण्याची गरज वाटली नाही, ते नाव अमेरिकी पोरांच्या मार्चमधल्या पैजेला कमी पडते. अर्थात प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा नसतो. बलवान संघ बहुधा जिंकतोच. तरीही दरवर्षी लाखो लोक हे तक्ते भरतात आणि दरवर्षी पहिल्या एक-दोन दिवसांतच त्यांचे कागद रद्दीत जातात.

पुन्हा नेस्मिथांकडे येऊ, कारण खरी बेरीज तिथून सुरू होते.

त्यांच्या हाताखाली फॉरेस्ट ॲलन नावाचा मुलगा खेळला. आवाज भोंग्यासारखा, म्हणून टोपणनाव ‘फॉग’. कोच कशाला, असे म्हणणाऱ्या मास्तरांचा हा शिष्य कोचच झाला. कॅन्ससमध्ये ३९ हंगामांत ५९० विजय आणि सगळी ठिकाणे धरून ७४६. ॲलनच्या संघात १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲडॉल्फ रप नावाचा एक राखीव खेळाडू होता. फारसा मैदानात उतरला नाही, बाकावर बसून पाहत राहिला. त्या वेळी नेस्मिथ विद्यापीठात शिकवतच होते. हा रप पुढे केंटकीला गेला आणि ८७६ सामने जिंकून निवृत्त झाला. तीस वर्षांनी ॲलनच्याच बाकावर आणखी एक राखीव खेळाडू बसला होता. तो १९५२च्या राष्ट्रीय विजेत्या संघातला डीन स्मिथ. तो पुढे नॉर्थ कॅरोलायनाला गेला आणि १९९७ साली निवृत्त होताना त्याच्या नावावर ८७९ विजय होते, रपपेक्षा तीन जास्त. डीन स्मिथचा सहायक रॉय विल्यम्स. त्याने कॅन्ससला ४१८ आणि नॉर्थ कॅरोलायनाला ४८५ असे एकूण ९०३ सामने जिंकले.

७४६, ८७६, ८७९ आणि ९०३. चौघांची बेरीज ३,४०४. गुरुकुलाचा मूळपुरुष मात्र ५५ वरच. घराण्याच्या संस्थापकाला स्वतःला मैफल रंगवता येऊ नये आणि पुढच्या तीन पिढ्यांनी दरबार गाजवावेत, असा हा प्रकार. आणि आजची लढत? केंटकीची घडण रपने केली. रप ॲलनचा, ॲलन नेस्मिथांचा. कॅन्सस-केंटकी ही एकाच वाड्यातून वेगळ्या निघालेल्या दोन चुलींची गाठ आहे.

ॲलनचा ५९०चा कॅन्ससमधला विक्रम अडुसष्ट वर्षे टिकला. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी कॅन्ससचा प्रशिक्षक बिल सेल्फने ५९१वा विजय मिळवून तो मोडला. समोर मिशिगन स्टेट होते, म्हणजे तोही वेशीबाहेरचाच सामना. ॲलनला ३९ हंगाम लागले, सेल्फला बाविसावा चालू होता. पण यावरून सेल्फ ॲलनच्या पावणेदोन पट ठरत नाही. ॲलनच्या काळात हंगामात सामनेच थोडे असत. एका काळाचा आकडा दुसऱ्या काळाच्या तराजूत टाकला की काटा फसवतो.

नेस्मिथांचे तेरा नियम टंकलिखित दोन पानांवर होते. ती पाने १० डिसेंबर २०१० रोजी न्यूयॉर्कला सदबीजमध्ये लिलावाला आली. कॅन्ससच्या डेव्हिड बूथ या माजी विद्यार्थ्याने आणि त्याच्या पत्नीने ती घेतली ४३,३८,५०० डॉलरला. एका नियमाला तीन लाख तेहतीस हजारांहून अधिक. त्याच दिवशी तिथेच अब्राहम लिंकनची सही असलेली गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याची एक प्रत गेली, ती सुमारे ३८ लाखांना. एका देशाच्या इतिहासाला वळण देणाऱ्या कागदापेक्षा टोपलीत चेंडू टाकण्याचे नियम महाग ठरले. त्या तेरा नियमांत चेंडू घेऊन धावायची परवानगी नाही, आणि आज ज्याच्यावाचून खेळाची कल्पनाही करता येत नाही त्या ड्रिबलचा, म्हणजे चेंडू आपटत पुढे नेण्याचा, उल्लेखही नाही. ही पाने आता लॉरेन्स गावी आहेत, कॅन्ससच्या मैदानाला लागूनच बांधलेल्या इमारतीत काचेमागे.

त्या मैदानाचे नाव ॲलन फील्डहाउस. १ मार्च १९५५ला पहिला सामना झाला, तेव्हा ॲलन अजून प्रशिक्षक होता. रस्ता नेस्मिथांच्या नावाचा, आतला लाकडी कोर्टही नेस्मिथांच्या नावाचा, आणि वरचे छप्पर शिष्याच्या नावाचे. आसने १५,३००. लॉरेन्सची लोकसंख्या २०२०च्या गणनेत ९५ हजारांच्या आत होती. म्हणजे मैदान भरते त्या रात्री गावातल्या दर सहा माणसांमागे एकाला पुरेल एवढी जागा भरलेली असते.

आत काय चालते ते पाहण्यासारखे आहे. पाहुण्या संघाची ओळख करून देताना विद्यार्थी वर्तमानपत्र उघडून वाचत बसतात. तुम्ही कोण आलात ते बघायला आम्हाला फुरसत नाही, असा भाव. मग यजमानांची नावे पुकारली जातात आणि त्याच पेपरचे कपटे हवेत उडतात. सामना खिशात आला की एक संथ, लांबवलेला घोष सुरू होतो, ‘रॉक चॉक जेहॉक’. देवळातल्या सामुदायिक प्रार्थनेसारखा त्याचा सूर असतो. विद्यापीठ ज्या टेकडीवर आहे तिथल्या चुनखडीच्या दगडावरून हा घोष १८८६ साली एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने बांधला. म्हणजे घोष बास्केटबॉलपेक्षा पाच वर्षांनी थोरला आहे. शेवटी हजारो हात वर होऊन डावीकडून उजवीकडे सावकाश डुलतात. कॅन्सस हे गव्हाचे राज्य; वाऱ्यावर हलणारे गव्हाचे शेत ते हात दाखवतात.

पण याच लोकांच्या नावावर आवाजाचाही विक्रम आहे, आणि त्याची कथा केंटकीपासूनच सुरू होते. २८ जानेवारी २०१७ला कॅन्ससचा संघ केंटकीच्या रप अरेनात खेळायला गेला. गटाबाहेरचा सामना. केंटकीच्या प्रेक्षकांनी १२६.४ डेसिबल आवाज काढून गिनेसचा बंदिस्त मैदानातला विक्रम केला. सामना मात्र कॅन्ससने जिंकला, ७९-७३. सोळा दिवसांनी, १३ फेब्रुवारीला, कॅन्ससच्या प्रेक्षकांनी आपल्या घरी १३०.४ डेसिबल काढून तो विक्रमही घेऊन टाकला.

चार डेसिबलच वाढले, त्यात काय मोठेसे? डेसिबलची मोजपट्टी साधी नाही. दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. त्यामुळे चार डेसिबल म्हणजे अडीचपट. आणि आपण घरात बोलतो ते साधारण ६० डेसिबल. तिथून १३०.४ म्हणजे सत्तरहून अधिक डेसिबलची चढण, म्हणजे एकावर सात शून्ये : एक कोटीपटींहून जास्त ऊर्जा. कानाला ते कोटीपट वाटत नाही, सव्वाशेपट वाटते. निसर्गाने कानाला तेवढी सवलत दिली आहे. विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोरून गेलेल्या वाचकाला अधिक सांगायला नको. फरक एवढाच की इथे भिंत माणसांची होती. त्या रात्री वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध तीन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना कॅन्सस १४ गुणांनी मागे होते. जादा वेळेत ८४-८० ने जिंकले.

या घरात पाहुण्याने जिंकणे किती अवघड? ३ फेब्रुवारी २००७ला कॅन्सस इथे हरले. त्यानंतर सलग ६९ सामने जिंकले. मालिका तुटली २२ जानेवारी २०११ला, टेक्सासकडून. २००७च्या शरद ऋतूत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याने घरच्या मैदानावरचा पहिला पराभव पाहिला तो थेट चौथ्या वर्षी. एवढ्या काळात माणूस पदवीला येतो.

सगळे आकडे विजयाच्याच बाजूने बोलतात असे मात्र नाही. विल्ट चेंबरलेन घ्या. उंची सात फूट एक इंच. त्याला कॅन्ससला आणले ॲलनने. पण सत्तरी गाठल्यामुळे नियमाप्रमाणे ॲलनला निवृत्त व्हावे लागले आणि ज्याच्यासाठी जिवाचे रान केले त्याला मुख्य संघात खेळवायचे भाग्य दुसऱ्याच्या वाट्याला गेले. ३ डिसेंबर १९५६ला विल्ट पहिल्यांदा मुख्य संघातून उतरला. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध, अर्थात गटाबाहेरचा सामना. कॅन्ससचे ८७ गुण झाले, त्यातले ५२ याचे. रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेले चेंडू पकडणे, ३१. पहिल्याच दिवशी.

असा माणूस संघात असताना त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात काय व्हावे? २३ मार्च १९५७, समोर एकही सामना न हरलेले नॉर्थ कॅरोलायना. सुरुवातीला दोघांच्या मधोमध चेंडू वर उडवतात त्या जंप बॉलला त्यांच्या कोचने विल्टसमोर उभा केला आपल्या संघातला बुटका, सहा फूटही नसलेला खेळाडू. मैदान चक्रावले. चाळीस मिनिटांनी बरोबरी. जादा वेळ, पुन्हा बरोबरी. आणखी एक, पुन्हा तेच. तिसऱ्या जादा डावानंतर, ५५ मिनिटांच्या खेळाअंती, नॉर्थ कॅरोलायना ५४, कॅन्सस ५३. १८९१ साली सामना एका गुणाने जिंकला गेला होता. ६६ वर्षांनीही तो एका गुणानेच हरला गेला.

पासष्ट वर्षांनी, ४ एप्रिल २०२२ला, तेच दोन संघ पुन्हा अंतिम सामन्यात. या वेळी कॅन्सस १६ गुणांनी मागे पडले होते. अंतिम सामन्यात एवढी पिछाडी त्याआधी कोणी भरून काढली नव्हती. त्यांनी काढली, ७२-६९. कॅन्ससचे हे चौथे राष्ट्रीय विजेतेपद. केंटकीची आठ आहेत. पण त्याच स्पर्धेत केंटकी पहिल्याच फेरीत न्यू जर्सीतल्या सेंट पीटर्स या चिमुकल्या कॉलेजकडून हरून घरी गेले होते. त्यामुळे एकूण विजयांच्या यादीत कॅन्सस केंटकीच्या पुढे, पहिल्या क्रमांकावर गेले.

ते सुख दीड वर्ष टिकले. ऑक्टोबर २०२३मध्ये निकाल लागला की २०१७-१८च्या हंगामात कॅन्ससने एक अपात्र खेळाडू खेळवला होता, सबब तो ज्यांत खेळला ते १५ विजय रद्द. मैदानावर ३१ विजय आणि ८ पराभव असलेला हंगाम कागदावर १६ विजय आणि ८ पराभव असा उरला. केंटकी पुन्हा पहिले. गुणफलक लागले, हजारोंनी पाहिले, माणसे घसा फुटेस्तोवर ओरडली, आणि तो विजय झालाच नाही असे वहीत लिहिले गेले. पराभव मात्र आठच्या आठ राहिले. विजय खोडता येतो, पराभव खोडायला कोणी येत नाही. या न्यायाने नेस्मिथांचे साठ पराभव हे या संघाचे सर्वांत पक्के भांडवल म्हणावे लागेल.

आता येणाऱ्या गाठीचा हिशेब. दर तीन वर्षांच्या या फेऱ्यात पहिल्या दोन्ही वेळा केंटकी जिंकले. २०१४ला तर ७२-४० असे, कॅन्ससच्या माणसांना आजही आठवू नये असे वाटेल इतके. पुढच्या तीन वेळा कॅन्सस : ६५-६१, ६५-६२, ८९-८४. या तीन सामन्यांची बेरीज करा. कॅन्सस २१९, केंटकी २०७. सहा वर्षांच्या पट्ट्यात, १२० मिनिटांच्या खेळात फरक १२ गुणांचा, म्हणजे दर दहा मिनिटांना एक गुण. दोन हजार चारशेंवर विजय ज्यांच्या गाठीला आहेत, ते दोन संघ समोर आले की त्यांच्यात उरते ते एवढेच : दहा मिनिटांत एक टोपलीसुद्धा नाही, तिच्या अर्ध्याचा फरक.

तेव्हा तो सामना पाहायला बसलात, भारतात असाल तर बहुधा पहाटेचा गजर लावून, तर गुणफलकाकडे बघण्याआधी क्षणभर रिंगकडे बघा. टोपलीचे बूड गेले, शिडी गेली, नवाचे पाच खेळाडू झाले, एकाचे दीडशे गुण झाले. रिंग मात्र मुंबईत नागपाड्यातल्या बास्केटबॉलच्या मैदानावर आहे तेवढ्याच उंचीवर तिथेही असेल : जमिनीपासून दहा फूट. १८९१ साली कठडा तिथे होता म्हणून.